गादीवाल्या चाचांचे खेकडे

समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो, अशा आमच्या जळगाव जामोदमध्ये खेकड्यांना रोज संध्याकाळी फिरायला काढणारा एकच माणूस होता, आणि तसा दुसरा साऱ्या विदर्भात नसावा अशी माझी खात्री आहे. शाळेत नोकरी लागून मी त्या गावी आले तेव्हा चाचांच्या गादीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. खाली त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र, वर मी. दिवसभर कापूस जिन्याने वर यायचा आणि माझ्या वरणात पडायचा. तक्रार केली तर चाचा म्हणाले, "मॅडम, कापसाचं काय वजन असते? खाऊन टाका." चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी रत्नागिरीला दिलेली होती. तेव्हा त्या घरात संध्याकाळी एक ताट खाली वाजायचं आणि एक वर.

एका मे महिन्यात मुलगी दोन पोरांना घेऊन आली. पोरांनी किनाऱ्यावरून उचललेले चार खेकडे बिस्किटाच्या डब्यातून आणले होते. रिकाम्या शंखात अंग कोंबून राहणारे आणि तो शंख ओढत हिंडणारे खेकडे. सुट्टी संपली, पोरं गेली आणि डबा राहिला. "नाना, सांभाळा, दिवाळीत आम्ही येतो," एवढंच धाकटा जाताना म्हणाला होता. चाचांनी ते तहसीलदाराचा हुकूम घ्यावा तसं घेतलं. बंद पडलेल्या हॉटेलातलं भजी ठेवायचं काचेचं कपाट आणलं, त्यात पूर्णा नदीची वाळू घातली, एक वाटी गोड्या पाण्याची, एक खडेमिठाच्या पाण्याची आणि वरून ओलं पोतं. उन्हाळ्यात ते स्वतः घामाने निथळत, पण पोतं सुकू देत नसत. सगळ्यात मोठा शंख ज्याचा, तो 'पाटील'. दोन अगदी सारखे होते, ते 'जुळे'. चौथा ठेवला तिथे कधीच सापडत नसे, म्हणून त्याचं नाव 'तलाठी'.

उन्हं कलल्यावर असरची नमाज झाली की चाचा ओट्यावर बसत. त्यांनी खेकड्यांसाठी खास वीतभर रुंदीची गादी शिवली होती, चारी कडांना नीट दोरा घातलेली. ती मांडीवर पसरायची, कारण खेकडा हातातून पडला तर शंख फुटतो. मग तळहात ताठ धरायचा, त्याच्यापुढे दुसरा, आणि खेकड्याने एका हातावरून दुसऱ्यावर चालत राहायचं. वीस मिनिटं झाली की पुन्हा कपाटात. "यायचा दम ओल्यात असते, कोरड्यात कोंडते," ते खेकड्यांकडे बोट करून सांगत. मी पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा पाटलाने माझ्या अंगठ्याजवळची कातडी पकडली. मी ओरडून हात झटकणार, तोच चाचांनी मनगट धरलं. "ओढू नका, मॅडम. थे घाबरलं हाय." तांब्यातल्या पाण्याची बारीक धार त्यांनी माझ्या हातावर सोडली आणि खेकड्याला म्हणाले, "सोड बेटा, मास्तरीण हाय, नापास करन." त्याने सोडलं. माझ्याशी त्या आठवड्यात तेवढ्या मायेने कोणी बोललं नव्हतं, आणि तेही खेकड्याच्या वाट्याला गेलं होतं.

मग ऐन लग्नसराईत तलाठी हरवला. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं आणि दुकानात कापसाचा डोंगर. चाचांनी यंत्राचं बटण बंद करून त्यावर फडकं बांधलं. "यंत्रात गेला तर?" बस्स. चार दिवस पिंजण बंद. गिऱ्हाइकं येऊन ओरडून जात होती आणि चाचा एकेक मूठ कापूस उलगडून पाहत होते. शिवून झालेल्या गाद्याही त्यांनी उसवल्या. तीन गाद्या मात्र आधीच वरवट बकालच्या एका नवरीकडे पोचल्या होत्या. रविवारी ते मला घेऊन एसटीने तिकडे गेले. "तुम्ही शिकलेल्या हाय, नीट समजावून द्या." मी समजावण्याआधीच चाचा मांडवात रचलेल्या गाद्यांना कान लावून बसले.

"काऊन चाचा, काय ठेवलं गादीत?" नवरीच्या आजोबांनी विचारलं.

"तलाठी हरपला."

आजोबांनी क्षणभर विचार केला. "तो तं आमच्याही गावात सापडत नाही. पन त्याले गादीत कोन पाहून राह्यलं बे!"

तलाठी पाचव्या दिवशी मलाच दिसला, जिन्याखालच्या गळक्या नळाजवळ, शेवाळात. चाचांनी त्याला ओंजळीत घेतलं आणि शंख कुठे फुटला तर नाही ना, ते फिरवून पाहिलं. लगेच त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. फोन धाकट्याने उचलला. "सापडला बेटा, तुहा तलाठी सापडला!"

"कोण तलाठी?" पोरगं म्हणालं. "नाना, माझी मॅच चालू आहे." आणि फोन बंद झाला.

चाचांना वाटलं, मला ते ऐकू आलं नसावं. अंधारलेला फोन तसाच समोर धरून ते बोलत राहिले, "हाव, हाव... तब्येत बरी हाय... अम्मीले सलाम सांगजो." मी जिन्याकडे पाहत उभी राहिले. दिवाळीही येऊन गेली होती, पोरं आली नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात चाचा खेकडे घेऊन रत्नागिरीला निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मुलगी कधीपासून बोलावत होती, पण दुकान सोडवत नाही म्हणून टाळत आले होते. मला वाटलं, आता महिनाभर राहतील. चौथ्या दिवशी सकाळी खाली यंत्राचा आवाज आला. "सोडले समुद्रावर," एवढंच म्हणाले. चहा झाल्यावर आणखी थोडं बोलले. मुलगी चांगली वागली, जावईही. सगळे सकाळी निघून जायचे आणि संध्याकाळी थकून यायचे. "पन पलंगावर फोमची गादी. झोपच नाही आली, मॅडम."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यात पांढरा कापूस बाजूला काढला आणि एक गादी भरायला घेतली. एका माणसाची. "माह्यासाठी. पोरीच्या घरी नेऊन ठेवतो. मंग महिना महिना राहता येते."

पुढे माझी बदली मेहकरला झाली. मध्यंतरी त्या बाजूला गेले तेव्हा मुद्दाम दुकानात डोकावले. चाचांची ती गादी गुंडाळून, दोरीने बांधून कोपऱ्यात उभी होती. एका गिऱ्हाइकाने तिच्यावर हात ठेवून भाव विचारला. चाचा यंत्रावरून उठले, गादीवर बसलेला कापूस झटकला आणि म्हणाले, "थे इकाची नाही. जाणार हाय थे."