हिरवळीला वळसा

एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी नाशिकच्या एका बागेत एक गृहस्थ रोज संध्याकाळी दिसायचे. बाकी सगळे बाकापर्यंत हिरवळ तुडवत जायचे. हे मात्र छत्री टेकत कडेकडेने पूर्ण वळसा घालून यायचे. बाकावरची मंडळी चिडवायची, “काका, गवत चावतं का?” ते नुसते हसायचे.

एकदा मीच कारण विचारलं. ते म्हणाले, “लढाईत विमानातून काढलेले फोटो तपासायचं काम होतं माझं. शत्रूची वायरलेस केंद्रं शोधायची. वायरलेसचे खांब ते लोक जाळीखाली छान झाकायचे हो. पण चहाला जायची पायवाट कोण झाकतो? गवतातली पांढरी रेघ जिथे संपते, तिथे केंद्र.”

मला हसू आलं नाही. त्याच लढाईत मी आपल्या एका वायरलेस केंद्रावर होतो. आमच्यावर बॉम्ब पडला, एक सोबती गेला. चौकशीत ठरलं, आचाऱ्याच्या चुलीचा धूर दिसला असणार. मीही मान डोलावली. तो घोटीचा आचारी पुढे जन्मभर ‘धूरवाला’ म्हणूनच ओळखला गेला. त्याच्या चहाकडे जाणारी गवतातली जवळची वाट मात्र आम्हीच तुडवून तुडवून पांढरी केली होती.

घोटी नाशिकहून फार लांब नाही. तरी त्याला हे सांगायला मी गेलो नाही, आणि आता तो हयात नाही. केलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवसापासून मीही हिरवळीला वळसा घालू लागलो.

बागेचा माळी आमच्याकडे बोट दाखवून लोकांना सांगायचा, “या दोन साहेबांकडून शिका जरा. लय नियमाची माणसं.”