रोबोटच्या दाराला तोरण

दसऱ्याला यंत्राची पूजा करू नये, असं मी कधीच म्हटलेलं नाही. आमचं घरच मागावर जगलं. गाव सोडून इकडे गोडादऱ्याला आलो तेव्हापासून वडिलांनी मागाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय दसऱ्याचा घास तोंडात घातला नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की तोरण दुसरीकडे बांधा. या एवढ्याशा वाक्यासाठी दसऱ्यापासून पार दिवाळीच्या तोंडापर्यंत मी घसा कोरडा केला.

इच्छापोरच्या ज्या कारखान्यात मी रोबोटच्या सुरक्षेचं काम बघतो, तिथे सुताची खोकी एकावर एक रचणारा एक रोबोट आहे. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा आणि पुढे, थप्पी बाहेर काढायला, दाराएवढी मोकळी जागा. तिथल्या दोन खांबांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. माणसाचा हात त्यात गेला की शेजारच्या पिवळ्या डब्याला, म्हणजे सेफ्टी कंट्रोलरला कळतं आणि रोबोट जागच्या जागी थांबतो. त्या डब्यात दोन मेंदू असतात, एकमेकांवर नजर ठेवून. एकाने घोळ घातला तर दुसरा मशीन थांबवतो. सुरक्षेच्या मानकाची सगळी जाडजूड पानं शेवटी एकच सांगतात: यंत्राला बिघडायचंच असेल तर त्याने थांबून बिघडावं, माणसाला चिरडून नव्हे. ती लिहिणाऱ्यांनी वायर तुटण्याचा विचार केला, बटण चिकटण्याचा केला. दाराएवढी जागा दिसली की आमची माणसं तिला तोरण बांधणारच, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर दसऱ्याच्या सकाळी झेंडू आणि आंब्याच्या पानांचं भरगच्च तोरण त्या दोन खांबांना बांधलं गेलं आणि मधोमध झुललं ते नेमकं किरणांत. शेठ नारळ हातात घेऊन उभे, रोबोट ढिम्म. गुजराती मॅनेजर घामाघूम. "मुहूर्त निकळी जाय छे, भाई, चालू करो ने!" मी 'तोरण वर घ्या' म्हणेपर्यंत त्याने पासवर्ड टाकून पडदाच बंद केला. तो पासवर्ड त्याच्याकडे नसावा म्हणून मी किती भांडलो होतो, ते सोडा. रोबोटने हात उचलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या हातात पेढा आला. तो मी खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता तोरण काढा आणि पडदा चालू करा. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवळाचा कळस उतरवायला सांगितलंय. दसऱ्याचं तोरण दिवाळीला नवं बांधायच्या वेळीच निघतं. "दिवाळी सुधी रहेवा दो," मॅनेजर म्हणाला, "आटला दिवसमां शुं थई जवानुं?" याच माणसाने सुरक्षेच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती.

काय होणार, ते मला चांगलं माहीत होतं, कारण त्या रोबोटपुढे उभा राहणारा माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे, आमचे पाव्हणे. उभा जन्म त्याने लिंबायतच्या मागांवर काढला. चालत्या मागात हात घालून तुटलेला धागा जोडणारा तोच खरा कारागीर, माग थांबवेल तो शिकाऊ, ही तिथली शिकवण. त्या हातांची काळजी करून बहीण झुरायची, म्हणून मीच त्याला इथे लावला. "या मशीनला माणूस दिसतो," असं मी तिला सांगितलं होतं. आता मशीनचे डोळे बंद होते आणि माझा शब्द तोरणाला लटकला होता.

शेवटी वैतागून मी स्वतःच स्टूल घेऊन चढलो. पाव्हण्यांनीच स्टूल धरलं. "भाऊ, हात नका लावू. तुमनी बहीनना हातनं तोरण शे ते."

मला हे ठाऊकच नव्हतं. नवऱ्याच्या हातांना काही होऊ नये म्हणून तिने पहाटे उठून ते ओवलं होतं. मी त्याला पडदा, पिवळा डबा, सगळं परत समजावलं. तो हसला. "मी काय धाकला पोऱ्या शे का? मन्हं ध्यान ऱ्हास." पालथ्या घड्यावर पाणी. मी उतरलो. संताप इतका आला होता की त्या दिवशी डबाही उघडला नाही.

रविवारी बहिणीकडे गेलो. ती भाकरी थापत होती, पाव्हणे शेजारीच बसले होते. मानक वगैरे काही काढलं नाही, जे झालं ते सरळ सांगितलं. तिचे हात पिठातच थांबले. "म्हंजे मन्हा तोरणनी त्याना डोया झाकात?"

मी हो म्हटलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. "सकाय जाय आन् काढी टाक. मी ओवं, मीच सांगी ऱ्हायनू."

सकाळी तोरण काढलं. मॅनेजरने विचारलं, कुणाच्या परवानगीने. जिने ओवलं तिच्या, म्हटलं. इतके दिवस मी सांगितलेलं मानक त्याने ऐकलं नव्हतं, हे मात्र ऐकलं. मी पडदा चालू केला, पासवर्ड बदलला आणि फार दिवसांनी निवांत चहा घेतला.

चहा संपायच्या आत रोबोट थांबला. जाऊन सुरू केला. थोड्या वेळाने पुन्हा थांबला. मग पुन्हा. मॅनेजर ओरडत आला, की तुझा पडदा खराब आहे, शनिवारी संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही थांबलं नव्हतं. पाव्हणेही चिडले. "भाऊ, तुमना पडदा बिघडना! खोकं जराखं सरळ करं, तं लगेच थांबस!"

पडद्याला काहीही झालेलं नव्हतं. पाव्हण्यांचा हात आत जात होता, इतके दिवस जात होता तसाच. मी रीसेटचं बटण दाबलं. दुपारपर्यंत रोबोट थांबतच राहिला आणि दर वेळी मी उठून आधी त्यांचे हात बघत राहिलो.