फुलांवरचा धूर

बायको औषधं घ्यायला दुकानात गेली होती आणि मी डिझेल गाडीत एसी लावून बसलो होतो. मागे फुटपाथवर बसलेल्या फुलवालीनं खोकत खोकत टोपलीवर पदर पसरला. काच खाली करून मी म्हणालो, “मावशी, पदर आधी नाकाला लावा.”

“फुलांना धुराचा वास लागला, तर घेईल कोण?”

मला संताप आला, माझाच. घाटात गाडी किती सहज चढते, कमी इंधनात किती लांब जाते, हे मी चारचौघांत मिरवतो. फायदे सगळे काचेआड माझ्यापाशी आणि धूर हिच्या छातीत! हा कुठला न्याय?

मी तडक इंजिन बंद केलं.

ती काळजीनं उठून जवळ आली. “काय झालं साहेब? गाडी बिघडली का?”