फौजदारांनी खूण केलेले पाइप

सगळे त्यांना फौजदार म्हणत, पण उभ्या जन्मात त्यांनी पोलीसचौकीची पायरी चढली नव्हती. त्यांच्याकडे लांब नाकाची एक मिनीबस होती. सकाळ-संध्याकाळ इस्पितळातल्या नर्सबायांची ने-आण करायची, हा त्यांचा धंदा. फौजदार हे नाव पडलं ते स्वभावावरून. दुधवाल्यानं भांड्यात दूध ओतलं की हे ते भांडं उजेडात नेऊन बघणार. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की विचारणार, "ही तुम्ही स्वतः कधी घेतलीय का?" त्यांच्या लग्नाचा एकही फोटो घरात नव्हता, कारण फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात खरोखरच रीळ आहे का, ते त्यांनी त्याला उघडून दाखवायला लावलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं भर उन्हात दाखवलं, आणि सगळे फोटो गेले. बायको ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बाकी माणूस सोन्यासारखा आहे हो. फक्त ते सोनं रोज कसोटीवर घासत बसतात."

मुलीनं गॅरेजवाला पसंत केला तेव्हाही तेच. फौजदारांनी बसच्या दिव्याची वायर मुद्दाम सैल केली, डोक्याला मफलर गुंडाळला आणि अनोळखी गिऱ्हाईक बनून त्या पोराच्या गॅरेजात गेले. नाटकातला वेषांतर केलेला राजाही इतक्या ऐटीत चालला नसेल. पोरानं बॉनेट उघडलं, बोटानं वायर दाबली आणि म्हणाला, "वायर सैल होती. पैसे नकोत. चला तुम्ही." घरी येऊन फौजदारांनी निकाल दिला, "मुलगा जरा जास्तच सरळ दिसतो. काहीतरी पाणी मुरतंय." लग्न झालं, वर्षं गेली, तरी ते मुरणारं पाणी काही त्यांना सापडेना.

मग एक दिवस बसचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं. उघडून पाहिलं तर आतून सगळं खलास. जावयानं जुन्या गाड्यांच्या बाजारातून त्याच जातीचं, पण जरा अलीकडचं इंजिन शोधून आणलं. इस्पितळाची फेरी तेवढ्यापुरती दुसऱ्या गाडीनं धरली होती. मुलीनं वडिलांना समोर बसवलं.

"बाबा, हे शेवटचं. हे इंजिन नीट चाललं तर चालवा, माझं काही म्हणणं नाही. नाही चाललं तर गाडी विकायची आणि घरी आराम करायचा. कबूल?"

"कबूल," फौजदार म्हणाले. गाडी गेली तर सकाळी उठायचं कशासाठी? नर्सबाया त्यांना "काका, आज उशीर!" म्हणून दटावायच्या, ते दटावणं कोण करणार?

त्यात त्यांच्या कानावर एक गोष्ट पडली. गॅरेजच्या मागच्या नळावर हात धुताना त्यांनी जावयाला फोनवर बोलताना ऐकलं. "बॉडी एकदम टणक आहे. बघायला या. मालकाचं मी बघतो."

झालं! इतकी वर्षं मुरणारं पाणी आज वर आलं. इंजिन बिघडवायचं, सासऱ्याला घरी बसवायचं आणि गाडी खपवायची. कट एकदम चोख.

दुसऱ्या दिवसापासून फौजदार गॅरेजात ठाण मांडून बसले. पालथ्या घातलेल्या लाकडी खोक्यावर, पाठ भिंतीला, नजर जावयाच्या हातांवर. शेजारी बायको, कारण "तुम्ही तिथे भांडण काढाल" म्हणून ती विणकाम घेऊन बरोबर आली होती. जुन्या इंजिनाचा जो भाग निघेल त्यावर फौजदार मुलीच्या नेलपॉलिशनं लाल ठिपका लावत. जावयानं विचारलं, "मामा, हे काय?"

"ओळखीसाठी. माणसांची ओळख पटत नाही जावईबापू, निदान वस्तूंची तरी पटावी."

बायकोनं सुईवरचे टाके मोजता मोजता कपाळाला आठी घातली. जावई काही बोलला नाही. तो बोलला नाही, हेही फौजदारांनी मनात नोंदवलं.

इंजिन साखळीनं उचलून जागेवर बसलं. राहिले ते डिझेलचे पाइप. पंपातून निघालेलं डिझेल जबरदस्त दाबानं इंजेक्टरपर्यंत नेणारे चार बारीक पोलादी पाइप. चारही सारख्याच लांबीचे, म्हणून पंपाच्या जवळच्या पाइपला उगाच जास्त वळणं दिलेली. जुन्या इंजिनाचे पाइप चकचकीत, लाल ठिपके लावलेले. नव्याबरोबर आलेले गंजाळलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. जावयानं हात घातला तो वर्तमानपत्रात.

"थांबा!" फौजदार खोक्यावरून उठले. "माझे पाइप कुठे चालले?"

"मामा, पंप ज्या इंजिनाचा, पाइपही त्याच इंजिनाचे लागतात. तुमचे नाही चालणार."

"का नाही चालणार? नट तोच, जाडी तीच, वळणं तीच. मी हातात धरून बघितलंय."

"बाहेरून तीच. पण..."

"पण माझे चांगले पाइप तुम्ही दुसऱ्या कुणाच्या गाडीला लावणार आणि मला हा गंज देणार. माझ्या गाडीत माझेच पाइप बसतील. नाहीतर मी दुसरा मिस्त्री बघतो."

जावयानं पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, सासूकडे पाहिलं. सासूनं लोकरीकडे पाहिलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी सांगून ठेवलंय, एवढं लक्षात ठेवा."

ठिपक्यांचे पाइप बसले. अगदी सहज बसले, नट गोल फिरून गपकन आवळले गेले. फौजदारांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. ते पाइपांजवळून हलेनात, म्हणून जावयानं एकट्यानंच पळापळ करून पाइपांत शिरलेली हवा काढली, मग फौजदारांनी चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं, पण काय झालं ते! धाडधाड ठोकत होतं, थरथरत होतं, मध्येच दम खाऊन पुन्हा खोकत होतं. मागून पांढऱ्या धुराचा लोट आला आणि समोरच्या शिंप्यानं खिडकी धाडकन लावली. जावयानं चावी बंद केली. तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन मुलगी दारात आली. तिनं धूर बघितला, वडिलांचा चेहरा बघितला.

"बाबा, कबूल केलं होतंत."

फौजदारांच्या डोक्यात मात्र खटला चालू. बसवताना जावयानं पाइपात काहीतरी कोंबलंय. चिंधी, नाहीतर ग्रीसचा बोळा. मुलगी-जावई आतल्या खोलीत जेवायला गेले, तसे फौजदार पत्नीकडे वळले.

"तुझी सगळ्यात बारीक सुई दे."

"आता कुणाला टोचायचंय?"

"पुरावा काढायचाय. दे म्हणतो ना!"

तिनं विणकामाची बारीक सुई दिली. पाइप काढणं त्यांना काही नवीन नव्हतं. लाल ठिपक्याचा पहिला पाइप सोडवला, तोंडाशी सुई लावली. सुई सुळकन आत गेली. बोळा नाही. दुसऱ्यातही गेली, तिसऱ्यातही, चौथ्यातही. पुरावा नाही! मग तुलनेसाठी त्यांनी वर्तमानपत्रातला एक गंजाळलेला पाइप उचलला. सुई तोंडाशीच अडली.

"सापडलं!" ते ओरडले. "हे बघ, बुजवलेला पाइप मला घालायला निघाला होता!"

दुसऱ्यातही सुई अडली. तिसऱ्यात, चौथ्यात, बरोबर त्याच जागी. फौजदार चपापले. चारही एकाच ठिकाणी कोण बुजवेल? त्यांनी एका टोकाला तोंड लावून फुंकर मारली. दुसऱ्या टोकाकडून हवा त्यांच्याच तळहातावर आली. चारही पाइप मोकळे होते. बुजलेलं काहीच नव्हतं, फक्त आतलं भोकच बारीक होतं. बाहेरून जुळे भाऊ, आतून वेगळे. नव्या पंपाला अरुंद वाट हवी होती, आणि त्यांनी जबरदस्तीनं रुंद वाट दिली होती. डिझेल दाबात पोचत नव्हतं, वेळेवर पोचत नव्हतं.

ते हळूच खोक्यावर टेकले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "चोर सापडला?"

"सापडला."

"कोण?"

फौजदारांनी तोंडाला लागलेला गंज बाहीनं पुसला. "तुझ्या लग्नाचे फोटो ज्यानं घालवले, तोच."

ती इतकी हसली की दोन टाके सुटले.

जावई तोंड पुसत बाहेर आला, सुटलेले पाइप बघून जागीच थबकला. फौजदार उठले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, तो भाग त्यांच्या पाठच नव्हता.

"गंजके बसवा," ते म्हणाले. "पण आधी एक सांगा. माझ्या गाडीला गिऱ्हाईक कुणी बघितलं?"

जावयाचे कान लाल झाले. आतून मुलगीही येऊन उभी राहिली होती.

"मी बघितलं," तो म्हणाला. "इंजिन नाही चाललं तर गाडी भंगारात जाऊ नये म्हणून. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते चुकलं. पण मामा, गाडी बिघडवूनच विकायची असती तर इतके दिवस मी तिच्या पोटाखाली कशाला लोळलो असतो?"

फौजदारांनी गंजका पाइप उचलून त्याच्या हातात दिला.

बारीक भोकाचे चार पाइप बसले. आता पाइपांतली हवा पुन्हा काढायची होती, पण या वेळी दोघांनी मिळून. एकानं चावी मारायची, दुसऱ्यानं इंजेक्टरकडचे नट जरा सैल ठेवून डिझेल यायला लागलं की आवळायचे. फौजदार चालकाच्या जागेवर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, उघडं बॉनेट पडद्यासारखं मध्ये उभं आहे. पलीकडे काय चाललंय, काही दिसत नव्हतं. खिडकीतून वाकलं की दिसत होते फक्त जावयाचे बूट, तेही अर्धे.

"मारा!" पडद्यामागून आवाज आला.

त्यांनी चावी मारली.

"थांबा! पुन्हा. मारा!"

प्रत्येक वेळी त्यांचा हात आपोआप दाराच्या कडीकडे जाई. उतरून एक नजर टाकावी, एकच. बायको बाजूच्या खिडकीतून बघत होती. ते हात मांडीखाली दाबून बसले.

"आता मारा, आणि सोडू नका!"

इंजिन खोकलं, एकदा थांबलं, पुन्हा खोकलं आणि मग एका सुरात लागलं. धूर नाही, ठोका नाही. समोरच्या शिंप्याची खिडकी उघडली. आता मात्र फौजदार उतरलेच. एका पाइपाच्या नटाला बोट लावणार, तोच जावयानं हात धरला. "हात नको मामा! कुठे गळत असेल तर ती धार कातडीतून आत शिरते." त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा नटांवरून फिरवला. पुठ्ठा कोरडाच राहिला.

"बाबा, तुम्ही जिंकलात," मुलगी म्हणाली. "सांगा नर्सबायांना."

"सांगतो. आधी एक काम." फौजदार जावयाकडे वळले. "त्या गिऱ्हाइकाला फोन लावा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

जावयानं लावला. म्हणाला, गाडी विकायची नाही, मालक अजून चालवतायत, मालकांची तब्येत गाडीपेक्षा टणक आहे. पलीकडचा माणूस जरा कुरकुरला, मग "बरं, बरं" म्हणून त्यानं फोन ठेवला. फौजदारांनी शेवटच्या शब्दापर्यंत मान तिरकी करून सगळं ऐकलं. बसचं दार उघडलं, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळले.

"जावईबापू, तो खरंच गिऱ्हाईकच होता ना?"