फोटोतलं कुंकू

माझ्या पेजवर सगळ्यात जास्त लाइक पडलेल्या फोटोत माझी आई आहे. हिरवी नऊवारी, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पुढ्यात पाटा-वरवंटा. त्यातली एकटी आई तेवढी आमची. नऊवारी आणि नथ दादरहून भाड्याने आणलेली, मंगळसूत्र तिथल्याच फुटपाथवरचं, पाटा खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. आणि कुंकवाचं म्हणाल, तर बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी पंधरा वर्षं एका ऑफिसात जाहिरातींचा मजकूर लिहीत होते. साबण, पंखे, बिस्किटं, मिळेल त्याचं गुणगान. एका शुक्रवारी आम्हा सात जणांना बोलावून गोड शब्दांत घरी पाठवलं. दोन महिने मी नुसती धुसफुसत बसले. मग आईचा मालवणी मसाला विकायचं डोक्यात आलं. करी रोडच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला तरी आई दर उन्हाळ्यात मसाला करायचीच. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला सोसायटीची बंदी, म्हणून खिडकीच्या ग्रिलमध्ये जुनी साडी पसरून त्यावर घालायची. मग सगळं भाजून पिशव्या भरायच्या आणि लालबागला डंकावर कुटून आणायचं. घरी पाट्यावर मसाला वाटलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

पेज काढलं. पाकिटांचे फोटो टाकले, खोबऱ्याचे, मिरच्यांचे, लाकडी चमच्याचे. लाइक किती? एक मावसबहीण आणि का कोण जाणे, दोन दातांचे दवाखाने. मी चिडले. मग आठवलं, फोटोत माणूस दिसला पाहिजे, हे मीच इतकी वर्षं गिऱ्हाइकांना शहाणपणाने सांगत आले होते. घरात माणूस होतंच, खांद्यावर नॅपकिन टाकून, गाऊनमध्ये, ओट्याशी उभं. पण तशा आईला कोण बघणार, असं मला वाटलं. हे वाक्य लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

आईने बाबांच्या मागे कुंकू लावणं सोडलं ते आपणहून. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. आमच्या मजल्यावरच्या कितीतरी बायका नवऱ्यामागे टिकली लावतात, कुणी काही म्हणत नाही. पण संक्रांतीला बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू असलं की आई सगळ्यांसाठी तिळाच्या वड्या थापायची आणि बायका जमल्या की आत जाऊन बसायची. मी एकदा तिच्याशी त्यावरून भांडलेही होते. ती म्हणाली, "माझा मी बघतंय. तू तुझा बघ." विषय संपला.

अशा बाईला मी म्हटलं, "आई, फोटोपुरतं कुंकू लाव ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. नऊवारीला तिने कुरकुर केली होती, नथीला हसली होती. कुंकवाचं ऐकून तिने करंडा पुढे ओढला. त्यात बोट बुडवलं, कपाळाजवळ नेलं आणि खाली घेतलं.

"तूच लाव गो. माझो हात उठणा नाय."

मी लावलं. चांगलं मोठं, गोल, कडा पुसून नीट. माझा हात जराही अडखळला नाही. उलट दोन पावलं मागे जाऊन, डावीकडे सरकलंय का तेही पाहिलं. नंतर एका मैत्रिणीने विचारलं, तेव्हा मी तिला मोठं भाषण दिलं: विधवांनी कुंकू का लावू नये, हे कुणी ठरवलं, वगैरे. भाषण बरोबरच होतं. पण त्या दुपारी माझ्या मनात यातलं काही नव्हतं. हिरव्या साडीवर लाल रंग उठून दिसतो, एवढंच होतं. उगाच पुरोगामीपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

फोटोखाली मजकूर हवा होता. तो तर माझा हातचा मळ. मिनिटभरात लिहून टाकलं, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. आमच्या बाबांना आजही आईच्याच हातचं कालवण लागतं."

आईने विचारलं, "काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. ती नथ काढत होती. ती डबीत ठेवली आणि म्हणाली, "त्यांका माझा कालवण खारट लागायचा."

मी हसले. तिने चेष्टा केली असं समजून हसले, आणि पोस्ट टाकली.

पुढच्या आठवड्यात फोन खाली ठेवायला फुरसत मिळेना. कमेंटमध्ये हृदयं, हात जोडलेले, "अशीच जोडी राहो", "काका-काकूंना नमस्कार". एका बाईने लिहिलं, आईबाबांचा एकत्र फोटो टाका ना. मी तिला हसरा चेहरा पाठवला. मसाला संपला, आम्ही पुन्हा मिरच्या आणल्या, लालबागच्या खेपा वाढल्या. आई दिवसभर खपत होती आणि खूश दिसत होती. मीही खूश होते. नातेवाइकांपैकी कुणी ती पोस्ट पाहिली असेल का, याचा विचार आला की मी फोन पालथा घालायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग दादरला एका हॉलमध्ये बायकांच्या घरगुती उद्योगांचं प्रदर्शन लागलं. आम्हीही टेबल घेतलं. सकाळी मी पिशव्या दारात आणून लिफ्टचं बटण दाबलं, तेवढ्यात आई आतून आली. साडी तिची नेहमीची होती. कपाळाला मात्र कुंकू होतं, आणि गळ्यात ते फुटपाथवरचं मंगळसूत्र.

मी तिला सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते, मी एका शब्दानेही सुचवलं नव्हतं.

"फोटो बघून बायका येतली मां?" ती म्हणाली. "ओळखूक नको?"

समोरच्या काकू दारात दूध घेत होत्या. बाबांच्या दिवसांत तेरा दिवस आमच्याकडे चहा-जेवण त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी आईच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आई जिना बघत उभी होती. मी तिला तेव्हाच आत नेऊन तोंड धू म्हणायला हवं होतं. पाच मिनिटंही लागली नसती. पण लिफ्ट आली आणि मी म्हटलं, "चल, उशीर होईल."

दुपारी एक जोडपं आमच्या टेबलाशी थांबलं, बाई माझ्याच वयाची. तिने आईला पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अय्या, त्याच ना तुम्ही! मी तुमची फॅन आहे हो काकू." तिने सेल्फी घेतला, तीन पाकिटं घेतली. नवरा म्हणाला, "काकांना पण बघायचं होतं. आले नाहीत का?"

मी पाकिटाला चिकटपट्टी लावत होते. मान वर करून "बाबा नाहीत आता" एवढंच म्हणायचं होतं. ती माणसं चांगली होती, हळहळली असती, पाकिटं परत ठेवून गेली नसती. पण आजूबाजूला चार बायका उभ्या होत्या, आणि मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले.

आईने क्षणभर माझी वाट पाहिली. मग पुण्याच्या पेठेतल्या बाईसारखी शुद्ध मराठी काढून म्हणाली, "घरी आहेत. गुडघे दुखतात त्यांचे, गर्दीत नको म्हणतात."

"काळजी घ्या त्यांची," ती बाई म्हणाली. "आणि सांगा, आम्ही विचारलं म्हणून."

"सांगते हं," आई म्हणाली.

ती दोघं पुढच्या टेबलाकडे गेली. आईने विस्कटलेली पाकिटं सरळ लावली, पदर नीट केला आणि माझ्या कानाशी येऊन, बोलणं बिघडलं की काय अशा काळजीने विचारलं,

"बरोबर सांगलंय मां मी?"

मी म्हटलं, "हो."