पिवळ्या पंखावरची गोधडी

जव्हारच्या माळावर आमचं विमान आठवड्यातून दोनदा उडायचं. उरलेले पाच दिवस आम्ही गवतात पाय पसरून बसलेलो. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार! एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरे चार बाहेर येतात.

जव्हार संस्थानाच्या विलीनीकरणाच्या आगेमागेचे दिवस. विमान दोन माणसांचं, पिवळं. मालक कॅप्टनसाहेब. पाऊस सरला की ते विमान घेऊन मुंबईहून यायचे, ते उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला. मी पेट्रोलच्या डब्यांचा स्टोअरकीपर. आणि स्टुलावर चढून पेट्रोल भरणारा रामजीदादा.

टाकी पंखात, झाकण पंखाच्या वर. पंख कापडाचा, त्यावर रंग. डबा नुसता टेकला तरी ओरखडा, थेंब सांडला तर डाग. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "रामजी, एक अख्खा हंगाम ओरखडा पडला नाही, तर तुला वर नेईन!"

झालं! त्या दिवसापासून दादा जमिनीवर कमीच असायचा. जेवतानाही डोळे आभाळात.

* * *

दादानं घरची गोधडी आणली, झाकणाएवढं भोक पाडलं आणि पंखावर अंथरली. आता डबा टेकवा, नरसाळं टेकवा, रंगाला धक्का नाही. साहेब खूश!

चार दिवसांनी दादाची बायको मथीवहिनी चालत माळावर आली. पंखावर आपली गोधडी बघून कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"पहाटंच्या गारठ्यात कुडकुडतेय मी, नि पांघरूण याला!"

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी तिला नवी चादर दिली. गोधडी मात्र परत दिली नाही.

* * *

दसऱ्याला हत्यारांची पूजा. वहिनी म्हणाली, विमान म्हणजे हत्यारच की! पहाटे धुक्यात येऊन तिनं तांदळाच्या पिठानं पंखावर सूर्य काढला, पाखरं काढली, हात धरून नाचणारी माणसं काढली. ऊन आलं तसा तो पंख काय दिसला म्हणून सांगू!

पण पीठ वाळलं, घट्ट बसलं. दादा घाबरला. ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तशा ओल्या घड्या ठेवून त्यानं दिवसभर एकेक माणूस उतरवला. शेवटी एक पाखरू राहिलं. साहेबांना धीर कुठला! त्यांनी नखानं खरवडलं. र्‍र्‍र्‍क!

"अरे, हा ओरखडा मी पाडला. तुझा हंगाम शाबूत आहे," साहेब म्हणाले.

"नख कुनाचं का आसंना," दादा म्हणाला, "पंख तर आपलाच ना?"

ते वर्ष त्यानं स्वतःहून सोडून दिलं. मला फार वाईट वाटलं.

* * *

पुढच्या हंगामात कावळा! नेमका पंखावरच बसायचा. दादाकडे गलोल होती, पण खडा पंखाला लागला तर? म्हणून तो दुपारभर टाळ्या वाजवत उभा राहायचा. मोखाड्याकडे निघालेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कंच्या देवाचं भजन चाललंय बाबा?"

दादा ताल न सोडता म्हणाला, "देव बसलाय वर. उठंल तवा सांगतो!"

* * *

विलीनीकरण झालं आणि विमान कुणाचं हे तपासायला एक नवे अधिकारी आले. टाकीत डोकावायचं म्हणून स्टुलावर चढायला लागले. दादा आडवा.

"साहेब, पट्टा काढा. बकल लागंल पंखाला."

"मी सरकारी माणूस आहे!"

"आसाल. बकल लोखंडाचं हाय."

अखेर पट्टा माझ्या हातात आला. अधिकारी दोन्ही हातांनी पँट धरून वर चढले. खाली उतरून घाम पुसत त्यांनी एवढंच लिहिलं, 'विमान उत्तम स्थितीत आहे.'

* * *

तो हंगाम बिनओरखड्याचा गेला. पण उन्हाळ्यात साहेब घाईत निघून गेले आणि वचन राहिलं. पावसानंतर आले ते निरोप घ्यायलाच. विमान विकलं होतं, संध्याकाळी न्यायचं होतं.

दादानं नेहमीसारखी गोधडी अंथरली, पेट्रोल भरलं, गोधडी काढली. साहेब म्हणाले, "रामजी, ओरखडा?"

दादानं पंखावरून सावकाश तळहात फिरवला. "नाय."

"मग बस की!"

त्यानं हातातलं चांदीचं कडं काढून माझ्याकडे दिलं आणि आत बसला. विमान गवतावरून पळालं, उचललं गेलं, आणि दादाच्या गावाकडे, जामसरकडे वळून कोवळ्या उन्हात दिसेनासं झालं. मागं नुसतं गवत हलत होतं. आम्ही वर बघत उभे, किती वेळ कोण जाणे.

परत आल्यावर सगळ्यांनी गराडा घातला. "दादा, काय दिसलं? जव्हार दिसलं? समुद्र दिसला?"

दादा मग माझ्या हातातून कडं घेत हळूच म्हणाला,

"आपली सावली माझ्या भातावरनं गेली, भाऊ. समदं पिकलेलं. येक लोंबी हालली नाय!"