एसटीने नेलेला हायड्रोजन

टेंभुर्णीत हायड्रोजन पहिल्यांदा नेला तो मी, आणि तो मी एसटीने नेला. (तिथल्या पाण्यात तो आधीपासून होता, हे मला मान्य आहे. पण सुटा नव्हता.)

टेंभुर्णी माझी सासुरवाडी; मी तिथला थोरला जावई. मी जालन्याला शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामांकडे, कुठल्याशा कंपनीचा माणूस आला. मामांचं चार एकर बरड रान आहे; त्यात दगडांचं पीक बारमाही येतं. ते आम्हाला भाड्याने द्या, तिथे सौर पट्ट्या बसवू, त्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढू, टाक्यांत भरून कारखान्यांना पाठवू, धूर नाही, राख नाही, असं तो सांगून गेला. मामांनी त्याला चहा पाजला आणि मला फोन लावला.

"मास्तर, तुम्ही बराबर म्हणले तर देतो रान. न्हाई म्हणले तर न्हाई. आम्हाला त्यातलं बिलकुल कळत न्हाई."

चोवीस वर्षांच्या नोकरीत आणि एकोणीस वर्षांच्या जावईपणात माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी अर्धा तास बोललो. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "आणि गंमत म्हणजे मामा, हा वायू जळला की पुन्हा पाणीच तयार होतं!"

मामांनी पलीकडून हिशेब मांडला.

"म्हंजे पाण्यातून काढायचा, आन् जाळून परत पाणीच करायचं?"

"हो!"

"मंग पाणी ऱ्हाऊ द्यावं ना तसंच."

असा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. उत्तर मला येत होतं, पण फोनवर ते काही केल्या येईना. मी म्हणालो, "मामा, प्रत्यक्षच दाखवतो."

अधिक महिना चालू होता, म्हणजे आमच्याकडे जावयांचा हंगाम. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलेलंच होतं. मी अख्खा दिवस गच्चीवर बॅटरीच्या दोन तारा पाण्यात सोडून बसलो आणि संध्याकाळपर्यंत दोन मोठे लाल फुगे भरले.

"अहो, तिथं जाऊनच करा की," आमची सुनीता म्हणाली. "पाणी टेंभुर्णीतबी हाय."

"सुनीता, खरा प्रश्न वाहतुकीचा असतो," मी म्हणालो. हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते वापरायची संधी शोधतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सुनीता जाफराबादच्या गाडीत बसलो. कंडक्टरने फुग्यांकडे पाहून तिकिटाचं यंत्र खाली ठेवलं.

"याचं लगेज लागंल."

"अहो, याला वजनच नाही!"

त्याने फुगा हातात घेऊन अंदाज घेतला. फुगा वर निघाला.

"हे तर उलटंच चाललं! पण मास्तर, वजन नसलं तरी जागा दोन माणसांची खाऊन राह्यलं ना?"

हायड्रोजनच्या वाहतुकीत जगभरचे शास्त्रज्ञ नेमके इथेच अडले आहेत. कंडक्टर भोकरदन यायच्या आत तिथवर पोचला. मी लगेज भरलं.

जाफराबादला उतरताना एक फुगा दाराच्या पत्र्याला लागून फुटला. निम्मा माल वाटेतच गेला! उरलेला फुगा छातीशी धरून मी टेंभुर्णीच्या जीपमध्ये बसलो आणि समोरच्या आजोबांनी बिडी काढली.

"आजोबा, बिडी नको! यात हायड्रोजन आहे!"

"म्हंजे काय व्हतं?"

"पेट घेतो!"

जीपमध्ये माझ्याशिवाय चौदा माणसं होती. चौदाही खाली उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, एक काय ते सांगा. सवारी नेऊ का तुमचा बाँब नेऊ?" शेवटी सगळ्यांच्या संमतीने मला टपावर बसवण्यात आलं. सुनीता पुढच्या सीटवर बसली, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही अशा चेहऱ्याने.

तर धोंड्याचा जावई टेंभुर्णीत शिरला तो जीपच्या टपावरून, एका हाताने कॅरिअर आणि दुसऱ्या हाताने लाल फुगा धरून. वेशीपासून घरापर्यंत सहा जणांनी विचारलं, "पाव्हणे, वर काय करून राह्यले?"

घरी मामांनी मला बाजूला घेतलं. "कंपनीवाला उद्या येऊन राह्यला. तुमच्या भरवशावर सही करतो. आपल्याला दुसरं रान न्हाई, मास्तर." मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. फुग्याची नाही, त्या भरवशाची. आजवर मी हायड्रोजन परीक्षानळीएवढाच पाहिला होता.

म्हणून मी सगळ्यांना अंगणात उभं करून सुरक्षेचे नियम सांगितले. लांब काठीला मेणबत्ती बांधायची, सगळ्यांनी दहा पावलं मागे सरायचं. तोवर फुग्याजवळ बिडी नको, काडी नको, चूल नको, उदबत्ती नको. माझा मेहुणा गजानन याने सगळी यादी मोठ्याने परत म्हणून दाखवली. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

एवढ्यात मामी म्हणाल्या, "आधी जावयाला ओवाळू द्या. नवी वस्तू बी हाय, तिला बी कुंकू लागंल." या घरात ट्रॅक्टरला, मोटारपंपाला, गजाननच्या मोबाइललासुद्धा कुंकू लागलेलं आहे. मी पाटावर बसलो. नवी टोपी, नवं उपरणं, बोटाला फुग्याचा दोरा. वाटेत थोडा गळून फुगा माझ्या कपाळाच्या उंचीवर रेंगाळत होता. मामींनी मला कुंकू लावलं, फुग्याला लावलं आणि ताम्हणात निरांजन घेऊन ओवाळायला लागल्या.

निरांजन माझ्या यादीत नव्हतं. निरांजनाला आपल्याकडे आग म्हणत नाहीत!

"दाजी," गजानन हळूच म्हणाला, "हे चालतं का जवळ?"

"शू! ओवाळताना बोलू नये," मी म्हणालो.

तिसऱ्या फेऱ्याला धडाड्‌! घरावरची कबुतरं उडाली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली, टोपी तुळशीपाशी सापडली. माझ्या दोन्ही भुवया आणि डावी मिशी विज्ञानाच्या कामी आली. बाकी कुणाला ओरखडाही नाही. मामींच्या हातातलं ताम्हण तसूभर हललं नव्हतं. "हलू नका, पाव्हणे," त्या म्हणाल्या, "दोन फेरे ऱ्हायले." आणि त्यांनी ते पूर्ण केले.

मामा धावत आले. आपल्या उपरण्याने त्यांनी माझं तोंड पुसलं आणि "लागलं का? डोळे बराबर हायेत ना?" असं चार वेळा विचारलं. मला इतकी लाज वाटली, की मी खाली मान घालून म्हणालो, "मामा, माझ्या भरवशावर सही नका करू."

मामांनी फुग्याचं उरलेलं रबर उचलून उन्हात धरलं.

"न्हाई मास्तर. फुगाभर मालात एवढा दम! म्हंजे माल खरा हाय."

दुसऱ्या दिवशी करार झाला. मामांनी एकच अट आपल्या हाताने लिहून घातली: कुंपणाच्या आत काडीपेटी, मोकाट जनावरं आणि थोरले जावई यांना सक्त मनाई राहील.

खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.